नवी मुंबईत घर घेण्याआधी सेक्टर पायी कसा तपासावा

घराची जाहिरात वाचताना 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' हे शब्द आपण सहज मान्य करतो. ती पाच मिनिटे रिक्षातून जाणाऱ्याची की गुडघे दुखणाऱ्या आईची, रविवार दुपारची की सोमवार सकाळची, हे विचारायचे राहून जाते. आमच्या घरीही ते राहूनच गेले होते. पंधरा वर्षांपूर्वी नेरूळमध्ये घर पाहताना आम्ही स्वयंपाकघराचा ओटा, नळाला येणारे पाणी, खिडकीतून येणारा वारा, भिंतींची ओल असे सगळे बारकाईने पाहिले; पण पाहायला गेलो होतो ते रविवारी दुपारी आणि गाडीने. ताबा मिळाल्यावर पहिल्या सोमवारी मुलीचा हात धरून शाळेकडे निघाले, तेव्हा लक्षात आले की नकाशात समोर दिसणारी शाळा सहा पदरी रस्त्याच्या पलीकडे आहे आणि रस्ता ओलांडायची जवळची जागा चांगली लांब आहे. घरात काही उणे नव्हते. घराभोवतालचे चालणे आम्ही तपासले नव्हते.

त्यानंतर नातेवाइकांसाठी आणि मैत्रिणींसाठी घरे पाहता पाहता परिसर पायी तपासण्याची एक पद्धत बसत गेली, ती येथे मांडते आहे. भाड्याने घर घेणाऱ्यांनाही ती तितकीच उपयोगी पडेल. तिला मोजायची एक टेप, एक वही, मोबाईल आणि चार फेऱ्यांपुरता मोकळा वेळ एवढेच लागते.

आधी आराखडा समजून घ्यावा

नवी मुंबई हे ठरवून वसवलेले शहर आहे, म्हणून येथे सुरुवात आराखड्यापासून करावी. चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला, मार्च १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात ३४४ चौरस किलोमीटरचे शहर आखले गेले. एकाच टोकाकडे गर्दी लोटणाऱ्या मुंबईचा अनुभव समोर असल्यामुळे येथे रेल्वे आणि बसच्या मार्गावर मण्यांसारखी ओवलेली लहान लहान नगरे, म्हणजेच नोड, कल्पिले गेले. प्रत्येक नोडमध्ये लोकांनी राहावे, शिकावे, बाजारहाट करावा आणि दूर जायचे झाल्यास चालत स्टेशन किंवा बसथांबा गाठावा, असा त्यामागचा विचार होता.

प्रत्येक नोड पुढे सेक्टरांत विभागला गेला. सेक्टर या कल्पनेच्या मुळाशी क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक योजनेत मांडलेला एक साधा हिशेब आहे. प्राथमिक शाळा वस्तीच्या मध्यभागी असावी, घरापासून तिचे अंतर शक्यतो पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर असावे, वाहतुकीचे मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, दुकाने कोपऱ्यांवर असावीत आणि सुमारे दहावा हिस्सा जमीन मैदान-बागांसाठी मोकळी राहावी. लहान मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, हा त्या साऱ्या मांडणीचा गाभा होता. चंडीगढचे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टरही याच विचाराने आखलेले आहेत.

नवी मुंबईतील सेक्टर मात्र त्याहून लहान आणि आकाराने अनियमित आहेत, आणि घर पाहताना हाच मुद्दा सर्वांत अधिक ध्यानात ठेवावा लागतो. शाळा, बाजार, दवाखाना आणि मैदान ही चारही येथे एकाच सेक्टरमध्ये सापडतील असे नाही. ती बहुधा दोन-तीन सेक्टरांत मिळून असतात. त्यामुळे आपला सेक्टर कोणत्या शेजारच्या सेक्टरवर विसंबून आहे आणि त्या दोघांमधला रस्ता कोणत्या प्रतीचा आहे, यावर घरातल्या माणसांचे चालणे ठरते. मधला रस्ता आतला, दोन पदरी आणि झाडांचा असेल तर दोन सेक्टर एकाच वस्तीसारखे नांदतात. तोच रस्ता ठाणे-बेलापूर रस्ता, सायन-पनवेल महामार्ग किंवा पाम बीच मार्ग असेल तर पलीकडचा बाजार डोळ्यांना दिसत असूनही हाताशी नसतो. पाम बीचच्या खाडीकडच्या बाजूला राहणाऱ्यांना आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसीत नोकरीला असणाऱ्यांना याचा अनुभव रोज येतो.

नजर तयार करण्यासाठी घर शोधायला निघण्यापूर्वी एक सकाळ बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घालवावी, असा माझा आग्रह असतो. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वसाहत १९८० च्या दशकात, सुमारे सहा हेक्टर जागेवर साडेपाचशे कुटुंबांसाठी उभी राहिली. तिच्यात सात-सात घरे सुमारे ८ बाय ८ मीटरच्या लहानशा अंगणाभोवती मांडली आहेत. असे तीन गट मिळून २१ घरांचा मोठा गट होतो आणि त्याला सुमारे १२ बाय १२ मीटरची सामाईक मोकळी जागा मिळते. गटांचे मिळून पुढे आणखी मोठे गट होत जातात आणि शेवटी शाळा व दुकानांपर्यंत पोहोचता येते. आज तिथली बरीच घरे वाढवलेली किंवा पाडून पुन्हा बांधलेली आहेत, पण अंगणांची गुंफण अजून वाचता येते. तिथे चालताना एक गोष्ट टिपून ठेवावी. घराच्या उंबऱ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत आपण एकदम येत नाही. आधी सात घरांचे अंगण, मग एकवीस घरांची मोकळी जागा, मग गल्ली, मग रस्ता, अशा पायऱ्या लागतात. पाच वर्षांच्या मुलाला पहिली पायरी एकट्याने ओलांडू देता येते, आठ वर्षांच्या मुलाला दुसरी आणि बारा वर्षांच्या मुलाला शेवटची. आपण जे घर पाहणार आहोत त्याच्या दारापासून बाहेर पडताना अशा किती पायऱ्या आहेत, की लिफ्टमधून थेट पार्किंगमध्ये आणि पार्किंगमधून थेट मोठ्या रस्त्यावर पाऊल पडते, हे पाहायची सवय तिथे लागते.

कागदावरचे काम

घर पाहायला जाण्याच्या आदल्या दिवशी वहीत दोन याद्या कराव्यात. पहिली यादी रोजच्या फेऱ्यांची: दूध, भाजी, किराणा, शाळा, शिकवणी, औषधांचे दुकान, दवाखाना, बसथांबा, स्टेशन, संध्याकाळी बसायची बाग, मुलांचे मैदान, मंदिर किंवा वाचनालय. दुसरी यादी घरातल्या माणसांची. मग प्रत्येक फेरीपुढे ती कोण करणार त्याचे नाव लिहावे. औषधाचे दुकान तरुण माणसाला एक किलोमीटरवर असले तरी चालेल, पण ते काम घरी आजोबा करत असतील तर मोजमाप आजोबांच्या पावलांनी व्हायला हवे. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे पाच मिनिटांत ४०० मीटर. काठी घेऊन चालणारे माणूस त्याच वेळात निम्म्याच्या आसपास अंतर कापते. म्हणून घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा वेग एकदा घड्याळ लावून मोजावा आणि पुढचा सारा हिशेब त्याच आकड्याने करावा.

त्यानंतर मोबाईलच्या नकाशावर त्या इमारतीभोवती ४०० मीटरचे वर्तुळ कल्पून आत काय काय येते ते पाहावे. वर्तुळ हा केवळ आरंभ आहे. खरे अंतर पायी मोजायचे असते, आणि पायी मोजलेल्या अंतराला सरळ रेषेतील अंतराने भागले की जो आकडा येतो तो वहीत लिहून ठेवायचा असतो. तो दीडच्या आत असेल तर वस्तीची वीण चांगली आहे असे मी समजते. दोनच्या वर गेला तर मध्ये भिंत, नाला, रेल्वेमार्ग किंवा बंद फाटक आहे, हे न पाहताही सांगता येते.

याचे एक उदाहरण देते. माझ्या मावसबहिणीसाठी आम्ही घणसोलीत एक मोठे संकुल पाहिले. संकुलाच्या मागच्या बाजूला, भिंतीला लागून, भाजीबाजाराची गल्ली होती. नवव्या मजल्यावरच्या गॅलरीतून भाजीच्या गाड्यांवरचे दिवे मोजता येत होते. नकाशावर अंतर २५० मीटर होते. खाली उतरून मी मागच्या फाटकाशी गेले. वॉचमन खुर्चीवर बसले होते.

"काका, हे गेट किती वाजता उघडतं?"

"हे उघडत नाही ताई. फायर ब्रिगेडसाठी ठेवलंय. पुढच्या गेटनं जावं लागतं."

पुढच्या फाटकाने, संकुलाला पूर्ण वळसा घालून, भाजीवाल्यापर्यंत पोहोचायला ६५० मीटर चालावे लागले. अडीच पटीहून अधिक! त्या घरात राहणारे बहुतेक लोक कोथिंबिरीच्या जुडीसाठीही स्कूटर काढत असणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून फाटकांविषयीचे प्रश्न दलालाला न विचारता वॉचमनला विचारावेत: एकूण फाटके किती, पायी जाणाऱ्यांसाठी कोणती, कोणत्या वेळी, आणि घरकाम करणाऱ्या बायकांना कोणत्या फाटकाने येऊ देतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच काही सांगून जाते, कारण त्या बायका सर्वांत जवळची वाट बिनचूक जाणतात.

सिडकोने सुरुवातीच्या काळात बांधलेल्या वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथील बैठ्या आणि तीन-चार मजली वसाहतींत इमारतींच्या मधून जाणाऱ्या पायवाटा होत्या. त्यातल्या काही आजही उघड्या आहेत, तर काही ठिकाणी प्रत्येक इमारतीने आपापले कुंपण घातल्याने त्या तुटल्या आहेत. घर जुन्या वसाहतीत असेल तर या वाटा मुद्दाम शोधाव्यात. नकाशात त्या बहुधा दिसत नाहीत. शाळा सुटल्यावर मुलांच्या मागे मागे गेले की सापडतात.

पदपथ टेप लावून मोजावा

पदपथ आहे की नाही हा प्रश्न पुरेसा नसतो, कारण नवी मुंबईत बहुतेक मुख्य रस्त्यांना पदपथ आहे. त्यावरून किती जागा मोकळी मिळते हे पाहायचे असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार, म्हणजे आयआरसी १०३ नुसार, निवासी भागात पदपथाची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची किमान २.२ मीटर असावी, आणि रस्त्यापासून पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. १.८ मीटर हा आकडा दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी एकमेकींना वाट देऊ शकतील या हिशेबाने आलेला आहे. टेप लावताना काठापासून भिंतीपर्यंत लावू नये. विजेचा डीपी बॉक्स, झाडाचे आळे, दिव्याचा खांब, दुकानाबाहेर मांडलेले सामान आणि उभ्या दुचाकी वगळून जी अरुंदातली अरुंद जागा उरते तिथे लावावी. वाट अरुंद जागेइतकीच रुंद असते.

रुंदीपेक्षाही अधिक त्रास सोसायट्यांच्या फाटकांसमोर होतो आणि त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझी आई काठी घेऊन चालू लागली, तेव्हा घरापासून भाजीबाजारापर्यंतच्या वाटेवर नऊ फाटके होती. प्रत्येक फाटकापाशी गाडी आत जावी म्हणून पदपथ तोडून खाली उतरवलेला होता आणि पलीकडे पुन्हा उंच केलेला होता. नऊ फाटके म्हणजे नऊ वेळा उतरणे आणि नऊ वेळा चढणे. पहिल्या दोन दिवसांत आईने प्रत्येक काठावर काठी टेकून, डावा पाय आधी खाली ठेवून, एका हाताने फाटकाचा खांब धरून ते सगळे केले. तिसऱ्या दिवशी ती पदपथ सोडून डांबरी रस्त्याच्या कडेने चालू लागली, पाठीमागून येणाऱ्या बसकडे पाठ करून. मी रागावले तेव्हा ती म्हणाली, "अगं, इथे निदान सपाट आहे." पदपथावर माणूस न दिसता रस्त्याच्या कडेने माणसे चालताना दिसली की त्यांच्या बेशिस्तीविषयी मत बनवण्याआधी पदपथावर स्वतः चालून पाहावे, हे मी त्या दिवशी शिकले. फाटकासमोर पदपथ आहे त्या उंचीवर सलग जावा आणि गाडीने उतारावरून त्यावर चढून आत जावे, ही योग्य रचना आहे. पाहताना अशी सलगता किती ठिकाणी आहे ते मोजून वहीत लिहावे.

लहान मुलाची बाबागाडी सोबत नेता आली तर याहून चांगली परीक्षा नाही. जिथे गाडी उचलावी लागते तिथे खूण करावी. चेंबरची झाकणे, पावसात खचलेले पेव्हर ब्लॉक आणि मुळांनी उचललेल्या फरशा या सगळ्यांची नोंद तिच्या चाकांमुळे आपोआप होते.

रस्ता ओलांडण्याचा हिशेब

रोजच्या फेऱ्यांमध्ये जो सर्वांत मोठा रस्ता लागतो तिथे जाऊन दहा मिनिटे उभे राहावे. एक पदर साधारण साडेतीन मीटरचा धरतात, म्हणजे सहा पदरी रस्ता दुभाजक सोडून २१ मीटरचा झाला. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला तो ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात आणि ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला सव्वीसहून अधिक. सिग्नलवर पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा प्रत्यक्षात किती सेकंद राहतो ते मोजावे. तो वीस सेकंद असेल तर आजीला दुभाजकावर थांबावेच लागणार. मग त्या दुभाजकावर उभे राहण्यापुरती सपाट, संरक्षित जागा आहे का, की रोपट्यांच्या कुंड्यांमध्ये पाय घालून उभे राहावे लागते, हे पाहायचे. डावीकडे वळणारी वाहने पायी जाणाऱ्यांच्या हिरव्या दिव्यातही थांबत नसतील तर तेही लिहावे. पादचारी पूल असेल तर त्याच्या पायऱ्या मोजाव्यात आणि कोण वर चढते ते पाहावे. पूल ओस आणि खाली दुभाजकाच्या कठड्यातून वाकून जाणारी माणसे असे दृश्य असेल, तर घरातले ज्येष्ठ तो पूल कधी वापरणार नाहीत असे गृहीत धरून चालावे.

कोणत्या वेळी जावे

एकच परिसर चार वेळा पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. सकाळी सातच्या सुमारास शाळेच्या बस, दूधवाले आणि फिरायला निघालेले लोक एकाच रस्त्यावर असतात. त्या वेळी बस कुठे उभ्या राहतात आणि मुले रस्त्याच्या कोणत्या बाजूने चढतात ते पाहावे. संध्याकाळी सातच्या सुमारास दुचाकींनी पदपथ किती व्यापला आहे ते कळते. रात्री दहानंतर एकदा घरातल्या एखाद्या स्त्रीने स्टेशनपासून घरापर्यंत, मागे अंतर ठेवून कुणी सोबत असले तरी, एकटीने चालून पाहावे. दिव्यांची संख्या मोजण्यापेक्षा झाडांच्या फांद्यांनी कोणते दिवे झाकले आहेत ते पाहणे उपयोगाचे असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय आहे. जिथे दुकाने, खिडक्या, तळमजल्यावरचे दवाखाने आहेत तिथे रात्री दहालाही सोबत वाटते. नव्या संकुलांत खालचे चार-पाच मजले पार्किंगचे असतात, तिथे रस्त्याला लागून शंभर-दोनशे मीटर नुसती आंधळी भिंत येते आणि कितीही प्रकाश असला तरी त्या भिंतीच्या कडेने पावले आपोआप जलद पडतात.

चौथी फेरी पावसाळ्यातली. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे, आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही म्हणून ते तात्पुरते साठवायला धारण तलाव बांधलेले आहेत. नेरूळ, वाशी, बेलापूर येथे ज्यांच्या काठाने लोक सकाळी फिरतात ते तलाव मुळात याच कामासाठी आहेत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये भरतीची वेळ पाहून, शक्यतो साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र येतील अशा दिवशी, स्टेशनचा भुयारी मार्ग आणि शाळेचा रस्ता पाहून यावा. हे जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. दुकानाच्या शटरवर पाण्याची रेघ कुठवर येते हे तो बोटाने दाखवतो.

उन्हाचाही विचार करावा. वाशी-नेरूळच्या जुन्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर यांची कमान तयार झाली आहे आणि मे महिन्यात सकाळी अकरालाही तिथून चालता येते. नव्या नोडांत तेवढी सावली यायला आणखी कित्येक वर्षे लागतील. पैसे देऊन घरात वातानुकूलन बसवता येते, पण रस्त्यावरची सावली विकत मिळत नाही, म्हणून दोन घरांत निवड करताना मी जुन्या झाडांना झुकते माप देते.

स्टेशन, मेट्रो आणि गावठाण

स्टेशनविषयी थोडक्यात सांगते. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. नोड या मार्गांवरच ओवलेले असल्यामुळे वाशी, सानपाडा, नेरूळ, कोपरखैरणे येथे स्टेशन गाठणे बहुतेकांना पायी शक्य असते. खारघरचे स्टेशन मात्र नोडच्या एका कडेला महामार्गाजवळ आहे आणि आतले सेक्टर तिथून काही किलोमीटर दूर आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर ही अकरा स्थानकांची मेट्रो सुरू झाल्याने आतल्या सेक्टरांचा हिशेब बदलला आहे. तिथे घर पाहणाऱ्यांनी अंतर रेल्वे स्टेशनपासून न मोजता मेट्रो स्थानकाच्या जिन्यापासून मोजावे. सगळीकडेच स्टेशनच्या दोन्ही बाजू एकमेकींना भुयारी मार्गाने किंवा पुलाने कशा जोडल्या आहेत ते पाहावे, कारण 'स्टेशनजवळ' असलेले घर नको त्या बाजूला निघते.

गावठाणाविषयी माझे मत दलालांच्या मताच्या उलट आहे. जवळ गावठाण आहे हे ते दबक्या आवाजात सांगतात. करावे, दिवाळे, सारसोळे, शिरवणे, जुहूगाव, घणसोली ही गावे शहराच्या आधीपासून इथे आहेत, आगरी-कोळी लोकांच्या जमिनींवर हे शहर उभे आहे, आणि चालण्याच्या दृष्टीने पाहिले तर ती नवी मुंबईतील सर्वांत जिवंत वस्ती आहे. गल्ल्या अरुंद असल्याने गाड्या हळू जातात, एकमेकांना चिकटलेल्या घरांची सावली वाटेवर पडते, ओट्यावर बसलेली माणसे येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवून असतात, आणि मासळी, भाजी, शिंपी, गिरणी, सायकल दुरुस्ती हे सारे दोनशे-तीनशे मीटरमध्ये सापडते. अग्निशामक गाडी जाण्याइतकी वाट आणि सांडपाण्याची सोय हे प्रश्न तिथे खरे आहेत, ते पाहावेतच. पण ज्या सेक्टरची मागची वाट गावठाणात उघडते तिथे राहणाऱ्यांना रोजच्या लहानसहान गोष्टींसाठी वाहन लागत नाही, आणि याची किंमत घराच्या दरात धरली जात नाही.

समोरच्या मोकळ्या भूखंडाविषयीही एक सूचना आहे. 'इथे बाग होणार आहे' असे सांगितले गेले तर विकास आराखड्यात त्या भूखंडावर कोणते आरक्षण आहे ते पाहावे, तोंडी शब्दावर विसंबू नये. आराखड्याचे नकाशे पाहता येतात, आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत आणि सूचना लेखी देता येते.

राहायला आल्यानंतर

टेप आणि वही घर घेतल्यावर ठेवून देऊ नये. आपल्या सेक्टरमधील उणिवा दुरुस्त होऊ शकतात, मात्र तक्रार योग्य दारात आणि मोजमापासह जायला हवी. दिघा ते बेलापूर या पट्ट्यातील आतल्या रस्त्यांचे पदपथ नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहेत आणि अर्ज आपल्या विभाग कार्यालयात द्यायचा असतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथील रहिवाशांनी २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेकडे जावे. उलवे आणि द्रोणागिरीत सिडकोकडे जावे लागते. अर्जात 'पदपथ खराब आहे' असे लिहून भागत नाही. 'अमुक सेक्टर, अमुक इमारतीच्या फाटकासमोर, पदपथाची मोकळी रुंदी ७० सेंटिमीटर, काठाची उंची ३० सेंटिमीटर, आयआरसी १०३ नुसार अपेक्षित रुंदी १.८ मीटर आणि उंची १५ सेंटिमीटर' असे लिहावे, छायाचित्रात टेप ठेवलेली दिसावी आणि पोचपावती घ्यावी. विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. अर्जाच्या शेवटी त्याचा एका वाक्यात उल्लेख करावा.

बंद फाटकाचा प्रश्न मात्र महापालिकेकडे सुटत नाही, तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सुटतो. आमच्या सोसायटीत मागचे फाटक उघडण्याचा विषय दोन सभांमध्ये सुरक्षेच्या कारणावरून बाजूला पडला. तिसऱ्या सभेला आम्ही चार गोष्टी लिहून नेल्या: फाटक फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, एका वेळी एकच माणूस जाईल इतके अरुंद, सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ एवढ्याच वेळा, आणि तीन महिने प्रयोग करून मग फेरविचार. त्यासोबत कोणत्या इमारतीतील किती ज्येष्ठांची रोजची चाल किती मीटरने कमी होते याचा तक्ता जोडला होता. विरोध करणाऱ्यांपैकी दोघांच्या आयांची नावे त्या तक्त्यात होती. ठराव मंजूर झाला, फाटक आजही त्याच वेळांत उघडते, आणि त्याची किल्ली दुपारच्या पाळीचे वॉचमन काका रात्रपाळीच्या माणसाकडे देतात.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याच वाटेने वही घेऊन पुन्हा एकदा चालावे. चार महिन्यांत पेव्हर ब्लॉकखालची रेती वाहून गेलेली असते, दुरुस्त केलेले काठ पुन्हा खचलेले असतात, आणि दिवाळीच्या आधी दिलेल्या अर्जावर उन्हाळ्यापूर्वी काम होण्याची शक्यता अधिक असते.